पावागड दिसेनासा कसा होतो?

दांडियाबाजारकर (प्रश्न): पावसाने दोन दिवस झोडपून उघडीप दिली की वडोदऱ्यात आमच्या गच्चीवरून पावागडाची निळसर कड बोटाने गिरवता येईल इतकी स्पष्ट दिसते. डिसेंबरात मात्र डोक्यावरचे आकाश निरभ्र असूनही डोंगर जागेवर नसतोच. दमट हवेत दिसावे आणि कोरड्या हवेत दिसू नये, हे उलटे कसे? धुरक्यामुळे डोंगराकडून येणारा प्रकाश अडतो, एवढेच कारण आहे का?

गच्चीवरचा: अडणे ही अर्धीच गोष्ट झाली. डोंगर गडद असतो, त्याच्याकडून मुळात फारसा प्रकाश येत नाही. खरा घोटाळा करतात ते मधल्या हवेतील कण, जे सूर्यप्रकाश विखरून आपल्या डोळ्यांकडे वळवतात. हा उपरा उजेड अंतरागणिक साचत जातो आणि अखेरीस डोंगर मागच्या आकाशाइतकाच पांढुरका होतो. १९२४ मध्ये कॉश्मीडर या जर्मन हवामानशास्त्रज्ञांनी याचे गणित मांडले. डोंगर आणि आकाश यांच्या उजळपणातील तफावत २ टक्क्यांवर आली की डोळ्याला ती कळत नाही असे धरल्यास, ३.९ ला हवेच्या क्षीणन गुणांकाने (दर किलोमीटरला हवा प्रकाश किती क्षीण करते त्या मापाने) भागून दृश्यमानता, म्हणजे किती किलोमीटरपर्यंत दिसेल ते अंतर, मिळते. पावागड रस्त्याने दूर वाटला तरी नजरेच्या सरळ रेषेत सुमारे ३७ किलोमीटरच आहे. तो दिसण्यासाठी गुणांक दर किलोमीटरला साधारण ०.१ च्या आसपास किंवा त्याखाली असावा लागतो.

जुना वेधशाळावाला: एक पुरवणी. हवामान खात्याच्या दृश्यमानतेच्या व्याख्येत २ ऐवजी ५ टक्के धरतात, म्हणजे ३.९ च्या जागी ३ येतात, त्यामुळे विमानतळावर नोंदवलेला दृश्यमानतेचा आकडा गच्चीवरच्या अनुभवापेक्षा कमी निघतो. आता दमटपणाचे. पाण्याची वाफ स्वतः प्रकाश फारसा विखुरत नाही. ते काम ०.१ ते १ मायक्रोमीटरच्या कणांचे. पाऊस त्यांतले बरेच धुऊन नेतो, आणि उरतो तो मुख्यतः हवेच्या रेणूंनी विखुरलेला निळा प्रकाश, ज्याचा रंग तुम्हाला डोंगराच्या कडेवर दिसतो. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असल्याने धूर खालीच कोंडतो. शिवाय पहाटे आर्द्रता चढली की पाणी शोषणारे कण फुगतात आणि कितीतरी अधिक प्रकाश विखुरतात.

दांडियाबाजारकर: मग परवाचे कोडे सुटले. पहाटे सव्वा किलोमीटरवरचा लक्ष्मीविलास राजवाड्याचा मनोरादेखील दिसत नव्हता, म्हणजे ते जवळजवळ धुकेच, कारण दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली गेली की त्याला धुके म्हणतात. साडेनऊला थेंब विरले, मनोरा उघडला. कोरडे कण मात्र हवेतच राहिले असणार, कारण पावागड संध्याकाळपर्यंत आला नाही.