मदत हवी आहे : भारत आणि जर्मनी, दोन्हीकडची नोकरी अपुरी असताना पेन्शनचा अर्ज कुठे करावा?

नमस्कार.

माझा जन्म फेब्रुवारी १९६० चा. १९९६ ते २००३ अशी सात वर्षे मी भारतात एका खासगी कंपनीत नोकरी केली. तिथे पीएफबरोबरच ईपीएस-९५ या पेन्शन योजनेतही माझ्या नावे भरणा होत होता. पुढे २००४ पासून ५२ महिने जर्मनीत नोकरी झाली आणि तिथल्या सरकारी पेन्शन विम्याची वर्गणी दरमहा पगारातून कापली गेली. आता मी भारतातच राहते.

ईपीएसच्या पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि जर्मनीत किमान पाच वर्षांची वर्गणी, म्हणजे स्वतंत्रपणे पाहिले तर मी दोन्हीकडे अपात्र ठरते. मात्र १ मे २०१७ पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारानुसार पात्रता ठरवताना दोन्ही देशांतील कालावधी एकत्र मोजता येतो. पेन्शन मात्र प्रत्येक देश आपल्याकडच्या कालावधीपुरतीच देतो. या हिशेबाने माझी अकरा वर्षे चार महिने भरतात आणि दोन्ही अटी पूर्ण होतात.

काळजी आहे ती तारखेची. १९६० साली जन्मलेल्यांसाठी जर्मनीतील निवृत्तीचे वय ६६ वर्षे ४ महिने आहे, ते मला जून २०२६ मध्ये पूर्ण होते. पेन्शन १ जुलैपासून मिळायची असेल तर अर्ज सप्टेंबरअखेरपर्यंत पोहोचला पाहिजे. त्यानंतर केलेल्या अर्जावर पेन्शन अर्जाच्या महिन्यापासून सुरू होते आणि मधले महिने बुडतात. एका देशात दिलेला अर्ज दुसऱ्या देशातही दिल्यासारखा धरला जातो, अशी तरतूद करारात आहे. तरीही मी पीएफ कार्यालयात अर्ज दिला तर तिथल्या पोचपावतीवरची तारीख जर्मनीत प्रत्यक्षात मान्य होते का, की दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज पाठवणेच सुरक्षित ठरेल? ज्यांनी हे केले आहे त्यांचा अनुभव मला हवा आहे.

दुसरी अडचण नावाची आहे. पीएफचे खाते माहेरच्या नावाने, मध्ये वडिलांचे नाव असलेले. जर्मनीतील नोंद लग्नानंतरच्या नावाने, आणि तिथे पतीचे नाव माझ्या नावाचाच भाग म्हणून नोंदले गेले आहे. खाते यूएएन (पीएफ सदस्याचा कायमस्वरूपी क्रमांक) सुरू होण्यापूर्वीचे आहे आणि ती कंपनी केव्हाच बंद झाली, त्यामुळे नावातील दुरुस्ती कंपनीमार्फत करून घेण्याचा मार्ग उरलेला नाही. सुदैवाने नोकरी सोडताना घेतलेले स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे ईपीएसमधील सेवेचा दाखला, माझ्याजवळ आहे. त्यासोबत विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्रातील नावबदलाची नोंद पुरते का, की वेगळे प्रतिज्ञापत्रही मागतात? जर्मनीला पाठवायच्या प्रती कोणाकडून साक्षांकित करून घ्याव्या लागतात?

जर्मनीतील वर्गणी परत घेऊन मोकळे व्हा, असा सल्ला मला अनेकांनी दिला आहे. तो मला पटत नाही. परताव्यात फक्त कर्मचाऱ्याचा हिस्सा मिळतो, मालकाने भरलेला हिस्सा मिळत नाही, आणि त्या वर्गणीवरचा पेन्शनचा हक्क कायमचा संपतो. दरमहाची रक्कम लहान असली तरी ती हयातभर मिळणार आहे आणि माझ्या वयाला त्याचे मोल फार आहे. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला पाठवावा लागला तरी माझी तयारी आहे.

आणखी एक विचारायचे आहे. ईपीएसचे पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. मला ते वय फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे करार लागू झाल्यानंतर पूर्ण झाले. दोन देशांचा कालावधी जोडून आता दहा-डी हा ईपीएस पेन्शनचा अर्ज भरल्यास तेव्हापासूनची थकबाकी मिळते का? आणि दरमहा १००० रुपयांचे किमान पेन्शन अशा जोडलेल्या सेवेलाही लागू होते का? त्या वेळच्या ६५०० रुपयांच्या वेतनमर्यादेवर (पेन्शनसाठी धरला जाणारा कमाल पगार) सात वर्षांचे माझे पेन्शन फार तर ६५० रुपये निघते, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी महत्त्वाचा आहे.