डार्विनच्या घरी आजारपणाचे जरा जास्तच लाड व्हायचे का?

निवांत_गडी: सध्या चार्ल्स डार्विनच्या घरच्यांबद्दल वाचतोय. केंटमधलं डाउन हे खेडं, तिथलं १८४२ पासूनचं घर, एकूण दहा पोरं आणि कोणी ना कोणी कायम अंथरुणात. डार्विनला स्वतःला उलट्या, पोटदुखी, छातीत धडधड, १८४९ पासून तर पठ्ठ्या तब्येतीची रोजची डायरी ठेवायचा. पण माझं मत विचाराल तर बायकोने, म्हणजे एमाने, आजारपण फारच डोक्यावर बसवलं. त्यांची मुलगी हेन्रिएटा तेरा वर्षांची असताना डॉक्टर म्हणाला काही दिवस नाश्ता अंथरुणातच करू दे, तर बाई नंतर जन्मभर नाश्त्याला उठल्या नाहीत! डार्विनच्या नातीनेच लिहून ठेवलंय. आजारी पडायची चैन होती राव तिथे.

कडूकारलं: चैन?? तीन मुलं लहानपणीच गेली त्यांची. १८५१ ला दहा वर्षांच्या ॲनीला बाप मॅल्व्हर्न गावी डॉ. गलीच्या गार पाण्याच्या उपचारांना घेऊन गेला, एमाचे दिवस भरत आलेले म्हणून ती घरी, सगळी खबर पत्रातून. २३ एप्रिलला पोर गेली, आईला शेवटचं बघताही आलं नाही. ॲनीची लिहायची छोटी पेटी आणि केसांची बट तिने जपून ठेवली होती. अशी आई पुढच्या पोराला शिंक आली तरी गोधडीत गुंडाळणारच ना.

निवांत_गडी: ॲनीचं वाईटच झालं, पण हे आधीपासूनचं आहे हो. १८४९ मध्ये हा माणूस अख्खं बिऱ्हाड घेऊन मॅल्व्हर्नला काही महिने राहिला, परत येऊन बागेत गार पाण्याच्या शॉवरसाठी झोपडी बांधली, दिमतीला पार्सलो बटलर. हौसच म्हणायची.

कडूकारलं: हौसेने कोण रोज गार पाणी डोक्यावर घेतं? अँटिबायोटिक नाही, निदान नाही, मग जो जे सांगेल ते करायचं. आणि त्या घरातलं मला आवडलेलं सांगू का, पोरगं आजारी पडलं की ते बापाच्या अभ्यासिकेतल्या सोफ्यावर, बाप शेजारी काम करतोय. आमच्याकडे ताप आला की आज्जी मऊ भात घेऊन उशाशी बसायची, तेच हे. याला लाड म्हणत असाल तर म्हणा.

झणझणीत_रस्सा: दोघेही पैशाचं बोलत नाही आहात. त्याच गावातल्या शेतमजुराला कांजी मिळाली तरी नशीब, कसला सोफा आणि कसलं मॅल्व्हर्न.

कडूकारलं: खरंय, पण एमा गावातल्या आजारी लोकांना औषधं द्यायची, डॉक्टर सासऱ्यांच्या जुन्या वहीतले नुसखे वापरून. तेवढं तरी तिच्या खात्यात धरा.

निवांत_गडी: बरं बाबा, सोफ्याचं पटलं. नाश्त्याचं नाही पटलं.

झणझणीत_रस्सा: आणि तो नाश्ता जिन्यावरून वर कोण न्यायचं? त्या मोलकरणीला ताप आला तर कुठला सोफा?