भिरूड लागलेले बांधावरचे आंबे: खोडात औषध टोचायचं की तारेनं अळी काढायची?

तापीकाठ

बांधावरच्या जुन्या गावरान आंब्याला भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा भुंगेरा, लागला की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: खोडाला ड्रिल मारा, इमामेक्टिन हे कीटकनाशक भरा, अमेरिकेत ॲश नावाची झाडं अशीच वाचवली. माझा याला ठाम विरोध आहे.

ॲशचा शत्रू म्हणजे जेमतेम अर्धा इंच लांबीचा हिरवा चकचकीत भुंगेरा. मूळचा ईशान्य आशियातला. २००२ साली मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ तो ओळखला गेला आणि तेव्हापासून कोट्यवधी झाडं गेली. त्याची अळी सालीखालच्या जिवंत थरातच नागमोडी फिरत खाते. टोचलेलं औषध रसाबरोबर वर चढतं, त्या थरात उतरतं आणि अळी मरते. आपला भिरूड वेगळा. भुंगेरा दीड-दोन इंचांचा, राखाडी-तपकिरी, मानेवर दोन नारिंगी ठिपके, मिशा अंगापेक्षा लांब. अळी मोठी झाली की थेट लाकडात शिरते, तीन-चार इंच लांब आणि बोटाएवढी जाड होते. तिच्या बोगद्याभोवतीच्या रसवाहिन्या तिनंच तोडलेल्या असतात. तिथं औषध पोहोचणार कसं?

आणि ॲशचं फळ कोणी खात नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडं याच आंब्यांच्या फोडी वाळवून आमचूर करतात. वाळताना पाणी उडतं, फळात औषधाचा अंश उतरला असेल तर तो मात्र फोडीतच राहू शकतो. ज्या घरांचा उन्हाळा या आमचुरावर निघतो, त्यांच्या मालात विष घालायचा हक्क आपल्याला नाही.

भाद्रपद ते कार्तिक दर पंधरा दिवसांनी झाडाभोवती फिरा, ताजा भुसा शोधा, तारेनं अळी काढा. आंब्याला हाच उपाय आहे.

शिरपूर_बाग

भाऊ, तार खालच्या चार-पाच फुटांपर्यंत ठीक. चाळीस फुटी झाडाच्या बेचक्यात भोक असेल तर शिडी लावून कोण चढणार? आणि तुम्ही फक्त मोठ्या अळीचं सांगितलं. अंडी पावसाळ्यात सालीच्या चिरेत घातली जातात, आठवडा-दोन आठवड्यांत फुटतात, आणि लहान अळी सुरुवातीला सालीखालीच खाते. म्हणजे ॲशच्या अळीसारखीच. त्या दिवसांत औषध झाडात असेल तर का नाही मरणार? अमेरिकेत एका टोचणीवर दोन वर्षं निघतात. तुमच्या तारेला दर वर्षी माणूस लागतो, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत खानदेशात मजूर मिळत नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

तापीकाठ

लहान अळीचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. पण तिथं खोडासाठी वेगळं बनवलेलं ४ टक्क्यांचं द्रव औषध ठरावीक दाबानं आणि खोडाच्या जाडीनुसार मोजून देतात. आपल्या दुकानात मिळतं ते ५ टक्के एसजी, कपाशीवर फवारायचे दाणे. ते पाण्यात कालवून भोकात ओतलं तर बराचसा भाग भोकातच साचतो.

लाकूडही वेगळं. ॲशमध्ये रुंद नळ्या दर वर्षीच्या नव्या वाढीत कड्यासारख्या रांगेनं असतात, द्रव झपाट्यानं वर जातो. आंब्याच्या नळ्या लाकडात सगळीकडं विखुरलेल्या, वर चीक. भोक लवकर भरत नाही, त्यातून बुरशी शिरते आणि फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. किडीसाठी पाडलेल्या भोकातून रोग आत घ्यायचा, हा व्यवहार आतबट्ट्याचा.

आंबराई_चोपडा

दोघांनी आधी कीड ओळखण्यावर बोलायला हवं होतं. भिरूड म्हणून दाखवलेल्या झाडांत भलतीच कीड निघते. सालीवर भुसा आणि विष्ठेची जाळीदार पट्टी, रेशमी धाग्यानं विणलेली, बेचक्यापासून लांब गेलेली दिसली तर ती साल खाणारी अळी. तो पतंग आहे, भुंगेरा नव्हे, आणि तिचं भोक वीतभरापेक्षा फारसं खोल नसतं. जाळी खरडून भोकात तार घातली की काम झालं. मातीचा लेप चढलेला दिसला तर उधई. भिरुडाचा भुसा जाडाभरडा, तंतुमय, बुंध्याशी ढिगानं पडलेला, आणि भोकातून डिंकासारखा काळपट रस ओघळलेला.

भोक जिवंत आहे का, हे तपासणं सोपं आहे. सगळा भुसा झाडून टाका आणि दोन दिवसांनी परत पाहा. फिकट, ओलसर भुसा नव्यानं पडला असेल तर अळी आत आहे. काळा पडलेला कोरडा भुसा म्हणजे भुंगेरा उडून गेलेला. रिकाम्या भोकात औषध ओतत बसणारे खूप आहेत.

तारेबद्दल: सायकलचा स्पोक आखूड पडतो, ब्रेकची तार चांगली, ती बोगद्याच्या वळणानं वळते. टोकाला बारीक आकडा करा. भोकाचं तोंड पटाशीनं बोटभर मोकळं करा, तार आत फिरवत न्या, मऊ लागलं की पिळा देऊन ओढा. तारेवर पांढरट ओल आली म्हणजे अळी फुटली. अळी हाती लागली नाही तर कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये भिजवून आत दाबा आणि भोक चिखलानं लिंपा. पाच-दहा मिली पुरे. बाहेर सांडलं तर सालीखालचा जिवंत थर जळतो. विडी-काडी लांब ठेवा.

सातपुडा_पायथा

बोळ्याला अजून नुवान, म्हणजे डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक, सांगणारे भेटतात. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. सेल्फॉसची, म्हणजे धान्यात ठेवायची विषारी धुरीची, गोळी भोकात ठेवणं तर त्याहून वाईट. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन हा विषारी वायू निघतो, बांधालगत सालदाराची झोपडी असेल तर माणूस जाईल. ती विकायलाही निर्बंध आहेत.

पण माझं मत तुम्हा सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. निम्मा पोकळ झालेला आंबा ठेवूच नका. शेजारी केशरची नवी लागवड असेल तर तो जुना बुंधा दर मृगात नवे भुंगेरे सोडत राहतो. ॲशसाठीही वरच्या पानोऱ्याची घट साधारण ३० टक्क्यांच्या पुढं गेली की उपचाराऐवजी झाड काढायचाच सल्ला असतो.

तापीकाठ

दादा, तो आकडा ॲशचा आहे. ॲशची अळी सालीखालून वेढा घालत जाते, रस तुटतो आणि तीन-चार वर्षांत अख्खं झाड मरतं. आंब्याची आतली पोकळी म्हणजे मेलेलं लाकूड. बाहेरचा थर शाबूत असेल तर झाड अनेक वर्षं फळतं. गावरान आंबा कोयीचा, प्रत्येक झाड वेगळ्या चवीचं. ते तोडलं की ती जात गेली, रोपवाटिकेत परत मिळत नाही. तोडायचंच ठरलं तर आधी त्याच्या काड्या घेऊन कलमं बांधा. शिवाय १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही.

शिरपूर_बाग

तोडण्याविरुद्ध मीही आहे. मात्र वाळलेल्या फांद्या काढायलाच हव्यात, आणि इथं सगळेच चुकतात. फांदी कापतात आणि सरपण म्हणून त्याच झाडाखाली रचतात. कापलेल्या लाकडातही अळी वाढत राहते, कोष करते आणि पावसाला भुंगेरा बाहेर पडतो. अमेरिकेत ॲशची कीड लांब लांब पोहोचली त्यात जळाऊ लाकडाच्या वाहतुकीचा मोठा हात होता. मनगटापेक्षा जाड ओंडके फोडा आणि रोहिणी नक्षत्राआधी जाळून संपवा.

टोचणीवर मात्र मी ठाम आहे. आंब्यासाठी मंजूर झालेलं खोडाचं औषध उद्या आलं, तर आंबे उतरवून झाल्यावर जुलैत ते द्यायला हरकत काय?

आंबराई_चोपडा

हरकत मोहोराची आहे. औषध दोन वर्षं टिकतं हा तुम्ही गुण म्हणून सांगताय, पण जुलैनंतर पाच-सहा महिन्यांत मोहोर येतो आणि आंब्याचं परागीभवन माश्या आणि मधमाश्यांवर चालतं. मधात, मोहोरात, फळात अंश किती उतरतो याची मोजणी आपल्या झाडांवर झाल्याशिवाय मी होय म्हणणार नाही.

तोवर अंडी घालू न देणं आपल्या हातात आहे. मे अखेरीस बुंध्याला तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडी भांड्यात नाही. घासलेलं लोखंडी पातं बुडवून पाहा, तांबूस थर चढला तर चुना वाढवा. त्याच दिवशी लावून संपवा, पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरमध्ये परत लावा. आणि बांधालगत पऱ्हाट्या पेटवणं थांबवा. आचेनं साल तडकते, ट्रॅक्टरचा नांगर बुंध्याला घासतो, आणि मादी अंडी घालायला अशीच चीर शोधत असते.

सातपुडा_पायथा

पऱ्हाट्यांचं अगदी खरं. बुंध्यापासून पाच-सहा फूट नांगर लांब ठेवायला ट्रॅक्टरवाल्याला आधीच सांगा, नांगरट झाल्यावर सांगून उपयोग नाही. पोकळ बुंध्याबद्दल माझं मत तेच आहे: शंभर फुटांत नवी बाग असेल तर परवानगी काढा, कलमं बांधून घ्या आणि झाड उतरवा.