सासरी लपवलेल्या गोळ्या
खेड्यातले पेशंट निष्काळजीपणानं मिरगीच्या गोळ्या सोडतात, असं काही जण म्हणतात. आमच्या यवतमाळकडे मला तसं दिसत नाही. लग्न ठरलं की पोरीच्या गोळ्या बंद होतात; सासरी पाकीट सापडलं तर काय, ही धास्ती. एक सून गोळ्या तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायची. सासू चुलीपाशी बसली की त्या दिवशीची गोळी राहिलीच! औषध एकदम तोडलं तर झटक्यांमागून झटके येऊन जिवावर बेतू शकतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मिरगीच्या कारणावरून लग्न रद्द करायची तरतूद हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्येच गेली. आशाताईंनी, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेनं, हे सासूसासऱ्यांना समोर बसवून सांगावं. काही गोळ्या पोटातल्या बाळाला बाधतात, म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यावं. मनानं बंद मात्र करू नये.