विषय: 680 किलोमीटर, नवी इलेक्ट्रिक गाडी, एकच थांबा पुरेल का?

मंडळी, नमस्कार.

पुढच्या शनिवारी पहाटे निघतोय. आम्ही दोघं, लेक आणि आई. अंतर 680 किलोमीटर, शेवटचा टप्पा डोंगरातला, चढ साधारण 900 मीटरचा. गाडी घेऊन तीन महिने झाले, पण आजवर ती ऑफिसपलीकडे गेलेली नाही. रात्री घरी केबल लावायची, सकाळी भरलेली. आता मात्र रोज झोपण्याआधी चार्जरचा नकाशा उघडून बसतो. बायको म्हणते, लग्नाआधी माझे फोटोही इतके बघितले नव्हतेस.

कागदावर हिशोब सोपा आहे. बॅटरी 75 युनिटची, कंपनी म्हणते 510 किलोमीटर. म्हणजे 480 ला थांबायचं, 100 टक्के भरायची आणि थेट पोचायचं. चुकतंय का काही?

--------

उत्तर:

अरे, चुकतंय. बरं झालं आधी विचारलंस.

510 हा चाचणीतला आकडा. हायवेवर सलग 120 ने तो कधीच हाती लागत नाही, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 100 वरून 120 वर गेलास की तो 44 टक्क्यांनी जास्त. आमची बॅटरी तुझ्याएवढीच. 120 ला 100 किलोमीटरमागे 22 युनिट जातात, 105 ला 18. म्हणजे पूर्ण भरलेल्या गाडीत 340 किलोमीटर की 415, हे तुझ्या उजव्या पायावर. टपावर पेटी तर अजिबात लावू नकोस. सामान कमी घ्या.

दुसरं, वाटेत 100 टक्के भरायचा नाद सोड. मागच्या खेपेला मी स्क्रीनकडे बघत बसले होते: चार्जिंगचा वेग 15 टक्क्यांवर 140 किलोवॅट, 50 ला 95, 80 ओलांडल्यावर 45 आणि 93 ला जेमतेम 20. गाडीचे पंखे घोंघावतायत, मागे दोन गाड्या ताटकळतायत, आणि आम्ही उरलेल्या सात टक्क्यांसाठी बसलोय. 10 ते 80 अर्ध्या तासात होतं, पुढच्या 20 ला जवळपास तेवढाच वेळ जातो. त्यापेक्षा कमी भरून दोनदा थांबलेलं परवडतं.

110 च्या आसपास चालव, म्हणजे 100 किलोमीटरला 20 युनिट धर. 320 ला पहिलं चार्जिंग, 15 टक्क्यांवरून 75 पर्यंत. दुसरं 545 ला, 60 पर्यंत. उरतात 135 किलोमीटर, त्याला 27 युनिट. शिवाय चार माणसं आणि सामान धरून सव्वादोन टन 900 मीटर वर न्यायला साडेपाच युनिट वेगळे. तरी पोचताना 15 टक्के हातात राहतील. ती 15 टक्के पवित्र मान. समोरून वारा किंवा पाऊस आला की त्यातूनच जाणार.

चार्जरला जाताना पत्ता गाडीच्याच नकाशात घाल, फोनच्या नको. पुढे जलद चार्जिंग आहे हे गाडीला कळलं की बऱ्याच गाड्या बॅटरी वाटेतच गरम करून ठेवतात. गार बॅटरी वीज भराभर घेतच नाही. चार्जरच्या एकट्या खांबाच्या भरवशावर राहू नकोस. सहा-आठ खांब असलेली जागा निवड आणि 15 टक्क्यांत गाठता येईल असा दुसरा पर्याय ठेव. आणि ॲप, कार्ड, पासवर्ड सगळं घरीच चालवून बघ. मी एकदा भर पावसात केबल हातात धरून उभी होते, कोड फोनवर येणार होता आणि फोनला रेंज नव्हती.

--------

उत्तर:

ताईंनी सगळं सांगितलंच आहे, माझी फक्त पुरवणी. 1888 च्या ऑगस्टमध्ये मोटारगाडी बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याच्याच गाडीतून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. पंप नव्हतेच, म्हणून वाटेत विसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे पेट्रोलसारखं द्रव इंधन, विकत घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. उतारावर ब्रेकची लाकडं झिजली, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं.

उतारावरून आठवलं. वर मुक्कामाला गाडी 100 टक्के भरून ठेवू नकोस. उतारावर इलेक्ट्रिक गाडीची मोटरच वेग रोखते आणि त्यातून वीज बनवून बॅटरीत घालते. भरलेल्या बॅटरीत ती वीज परत घ्यायला जागाच नसते, मग सगळा भार ब्रेकवर. 80 वर थांबव आणि सकाळी निवांत उतर.

--------

उत्तर:

ताई, काका, आभार. एक्सेल फाईल पुसून नव्याने मांडली.

एक गोष्ट मी धरलीच नव्हती, आईचे गुडघे. तिला दर दोन तासांनी पाय मोकळे करावेच लागतात. म्हणजे 200 किलोमीटरला थांबा आलाच. तिथे गाडीत 45 टक्क्यांच्या वर असतील, म्हणून केबल लावणार नाही, नुसतं फिरायचं. आधी मी एका थांब्यासाठी हट्ट धरून बसलो होतो, आणि आई मुकाट 480 किलोमीटर बसून राहिली असती.

काल रंगीत तालीम म्हणून जवळच्या जलद चार्जरवर गेलो. ॲप चाललं, कार्ड चाललं. गाडीचं चार्जिंगचं झाकण मात्र उघडेना. घरी रोज उघडतो, पण तिथे मागे माणूस उभा, घाम फुटला. पाच मिनिटं खटपट केली. शेवटी लेक खाली उतरली आणि म्हणाली, बाबा, गाडी लॉक आहे.