डी७५० घेतला की फोकस कडेपर्यंत पोचतो? कुणी सांगितलं?

शिवडी_जेट्टी
निकॉन डी७२००वाल्याला (छोटा, डीएक्स सेन्सर) काल इथे सल्ला मिळाला: सेकंडहँड डी७५० (फुल फ्रेम, दीडपट मोठा सेन्सर) घे, कडेला फोकस न पोचण्याची कटकट संपेल, लेन्स आहेत त्याच चालतील. दोन्ही चूक. दोन्ही बॉडींत फोकसचे ५१ पॉइंट, त्यातले १५ क्रॉस टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारे). फोकसचं मॉड्यूल आरशाखाली असतं आणि फुल फ्रेमसाठी ते दीडपट होत नाही, फ्रेम मात्र होते. म्हणून डी७५०वर सगळे पॉइंट मध्यात घोळका करून बसतात.

मग माणूस कडेला हवा तर मधल्या पॉइंटने फोकस लॉक करून कॅमेरा वळवायचा. ८५ मिमी लेन्स, अॅपर्चर (उजेडाचं छिद्र) एफ/१.८, माणूस दीड मीटरवर, ८ अंश वळवलं की फोकस जवळपास दीड सेंटिमीटर मागे जातो. तिथे डेप्थ, म्हणजे फोकसमधला पट्टा, मागेपुढे दीड-पावणेदोनच. माणूस जरा डुलला की डोळ्यावरचा फोकस गेला. ३५ एफ/१.४ने एक मीटरवरून २० अंश वळवलंत तर चूक ६ सेंटिमीटर, बोलायलाच नको.

आणि डीएक्ससाठीची १८-१४० लेन्स लावली की डी७५० स्वतःच कडा कापून डीएक्स क्रॉपवर जाते, २४ मेगापिक्सेलचे १० उरतात. तेव्हा पॉइंट कडेपर्यंत पोचतात, हीच काय ती गंमत.

आरसामुक्त
आरसा हवाच कशाला? निकॉनचाच बिनआरशाचा झेड५ घ्या. २७३ पॉइंट, आडवी-उभी ९० टक्के फ्रेम, वर डोळा ओळखतो. सेन्सरच फोकस करतो, त्यामुळे घोळका वगैरे नाही. विषय संपला.

जुनी_काच
संपवणारे तुम्ही कोण? जुन्या लेन्स झेडवर बसवणारा अॅडाप्टर, एफटीझेड, त्यात फोकसची मोटर नाही. ५० मिमी १.८डी, ८०-२००डी लावा आणि बसा हाताने रिंग फिरवत. डी७५० त्या बॉडीतल्या मोटरने चालवतो. त्यामुळे आधी लेन्सवर एएफ-एस (मोटर लेन्समध्येच) आहे की नुसतं डी, ते वाचा. आणि बोरा बाजारात जुनी काच घेताना फोकसपेक्षा बुरशी बघा, मुंबईत लेन्स त्यानेच मरतात.

आरसामुक्त
बुरशी! आता तांदळाची पुरचुंडी पण सांगा.

जुनी_काच
तांदूळ भातासाठी ठेवा. मागचा लिव्हर बोटाने ढकलून अॅपर्चर पूर्ण उघडायचं, एका टोकाने टॉर्च मारायचा, दुसऱ्या टोकाने तिरकं बघायचं. सुटे ठिपके म्हणजे धूळ, ती फोटोत दिसत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स खाली ठेवा. काच साफ होते, पण कोटिंग खाल्लेलं असेल तर परत येत नाही, उजेडासमोर फोटो पांढुरका येतो. जून ते सप्टेंबर लेन्स बॅगेत कोंडायची नाही. घट्ट झाकणाचा डबा, ओल शोषणारं सिलिका जेल, आत स्वस्तातला हायग्रोमीटर (दमटपणा मोजणारा), काटा ४० ते ५० टक्क्यांत.

दमट_कपाट
निळं जेल गुलाबी झालं की तापवून परत वापरता येतं, पण स्वयंपाकाच्या कढईत नको. त्या निळ्यात कोबाल्ट असतं. नारिंगी घ्या. आणि ३० टक्क्यांखाली नेऊ नका, वंगण आणि रबर सुकतं.

आरसामुक्त
कॅमेऱ्याचा धागा होता ना हा? की लोणच्याच्या बरणीचा?

शिवडी_जेट्टी
मुद्द्यावर या. विचारणाऱ्याकडे २००-५०० मिमी लेन्स आहे, त्याला फ्लेमिंगो हवेत. डी७२००वर ५०० मिमीची चौकट फुल फ्रेमवरच्या ७५० मिमीसारखी, तीही पूर्ण २४ मेगापिक्सेलमध्ये. डी७५०वर तेवढीच चौकट काढायची तर १० मेगापिक्सेल. तिथे १.४चा टेलीकन्व्हर्टर (लेन्सची पोच १.४पट करणारा) लावला तर उजेड घटून एफ/८ होतं, ५१पैकी मधले ११ पॉइंटच चालतात. पैसे खर्चून मागे जायचं?

आरसामुक्त
बरं, पक्ष्यांसाठी डी७२०० राहू दे. पण २००-५०० एएफ-एस आहे, एफटीझेडवर व्यवस्थित फोकस करते. हेही माझंच चुकलं असेल ना?

जुनी_काच
एवढं बरोबर आहे. झेड५ पण डीएक्समध्ये १०च देतो, ते लिहायचं राहिलं वाटतं तुमचं.