आवाजाचा त्रास आणि ऐकलेलं न उमगणं: आधी कोणती तपासणी?

मिक्सर लागला की मूल कान झाकतं आणि वर्गातल्या सूचना अर्ध्याच कळतात, तर दिवसभर इअरमफ लावावेत का, असा प्रश्न पालकांना पडतो. कृपया दिवसभर नको. सतत शांततेत राहिलं की मेंदू श्रवणाची संवेदना आणखी वाढवतो आणि साधे आवाजही टोचू लागतात. फटाके, ड्रिल अशा वेळेपुरतेच वापरा.

आधी ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) शुद्ध-स्वर श्रवणचाचणी (किती हळू आवाज ऐकू येतो ते पाहणारी) आणि टिंपॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का ते पाहणारी चाचणी) करा. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल तरी मूल असंच वागतं, आणि हा त्रास बरा होतो. श्रवण-प्रक्रियेच्या, म्हणजे ऐकलेल्याचा अर्थ मेंदू कसा लावतो हे पाहणाऱ्या चाचण्या साधारण ७ वर्षांनंतरच भरवशाच्या ठरतात. त्याआधी कुणी ठाम निदान दिलं तर दुसरं मत घ्या. लक्ष आणि भाषेची तपासणीही सोबत हवीच, कारण लक्षणं बरीच सारखी दिसतात.

मुलाला ज्या आवाजाची भीती वाटते त्याचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावा, बटण मुलाच्याच हातात द्या. आवाज त्याच्या ताब्यात असणं इथे फार मोलाचं. जबरदस्तीने ऐकवलं तर भीती पक्की होते.

शाळेत शिक्षकांजवळची, पंखा-खिडकीपासून दूरची जागा मागा. एका वेळी एकच सूचना, तीही फळ्यावर लिहून. तरीही अडलं तर शिक्षकांच्या माइकचा आवाज थेट कानात पोचवणाऱ्या यंत्रणेबद्दल ऑडिओलॉजिस्टना विचारा.